मंडळी कोणाची? मराठी प्रॉटेस्टंट चर्चमधील एका अंतर्गत लढ्याचा इतिहास

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला. तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते, प्रकृती खालावलेली होती आणि साठवलेला पैसा असा काही नव्हता. मिशनशी त्यांचे उघड भांडण झालेले नव्हते. धर्मश्रद्धाही बदललेली नव्हती, उलट ती अधिक उत्कट झाली होती. ख्रिस्ती मंडळी त्यांनी सोडली नाही, ‘ज्ञानोदय’ पत्राचे काम सोडले नाही, भजने रचणे सोडले नाही. सोडला तो फक्त पगार. त्यांच्या चरित्रकारांनी या घटनेकडे बहुधा संन्यासाच्या अंगाने पाहिले: कवी, भक्त, वैराग्य, आणि आयुष्याच्या अखेरीस सर्वसंगपरित्याग. हे वाचन खोटे नाही, पण अपुरे आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा तोवरचा शंभर वर्षांचा इतिहास शेजारी ठेवला, तर त्यागाच्या आत एक नेमका सामाजिक युक्तिवाद दिसू लागतो. मंडळीत समता आहे की नाही, हे प्रवचनात काय सांगितले जाते यावरून ठरत नाही. भाकर कोण देतो, निर्णय कोण घेतो आणि बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरून ते ठरते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की मराठी मंडळीतला सामाजिक न्याय आयता कोणी आणून दिला नाही. मंडळीतल्याच माणसांनी आतून झगडून तो थोडाथोडा मिळवला, आणि जिथे हे तीन प्रश्न टाळले गेले तिथे तो अडून राहिला.

या म्हणण्याला पहिला आक्षेप सरळ आहे, आणि त्याचे वजन मान्य करूनच पुढे जायला हवे. सुधारणेची सुरुवात मिशनऱ्यांनीच केली, हे कागदोपत्री सिद्ध आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ च्या अखेरीस या मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेने तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी याच शाळा पाहिल्या आणि सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा एक धागा याच बाईंपर्यंत जातो. १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ निघाले. १८५५ साली या पत्राने फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसे, आडोशाला छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाया, तालमीवरून गेल्याच्या अपराधासाठी उडवलेली मुंडकी, हे सारे त्या मुलीने लिहिले. ज्या लोकांच्या नुसत्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्या मुलीचे हे लेखन एका ख्रिस्ती पत्रात छापून आले. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला जातीमुळे प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारलाही त्याला चटकन न्याय देववला नाही. सरकार कचरत होते त्या काळात मिशनच्या शाळांचे दार उघडे होते, हे श्रेय काढून घेण्याचे कारण नाही.

जातीच्या प्रश्नावर नगर-मुंबईकडच्या मिशनांची भूमिका दक्षिणेपेक्षा कडकही होती. तामिळ प्रदेशात जुन्या लुथरन मिशनांनी चर्चमध्ये जातवार बसणे दीर्घकाळ चालू दिले होते. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये ही प्रथा तत्काळ बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावर-मद्रासकडच्या वेल्लाळ ख्रिस्ती कुटुंबांनी त्याला उघड विरोध केला आणि कित्येकजण मंडळीपासून दूर झाले. नगरला जातीशी असा तह झाला नाही. प्रभुभोजनाचा प्याला एकच असायचा आणि तो ब्राह्मण घरातून आलेल्या हरिपंत खिस्तींच्या ओठाला लागलेला असो की महारवाड्यातून आलेल्या सभासदाच्या, फिरायचा हातोहात. १८४० च्या दशकातल्या महाराष्ट्रात ही लहान गोष्ट नव्हती. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, बापाला कोर्टातून ताब्यात घ्यावे लागले. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या त्या पोराला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे की नाही यावर बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाला सनातन्यांशी वाद घालावा लागला. एका पंगतीचा अर्थ काय होतो, हे त्या काळचे लोक चांगले ओळखून होते.

पण पंगत एक झाली म्हणून घर एक होत नाही. बोस्टनमधल्या ज्या अमेरिकन बोर्डाच्या अखत्यारीत हे मिशन होते, त्याचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहावी, तिचा कारभार आणि खर्च तिनेच पाहावा, असे त्यांचे आग्रहाचे मत होते. नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकाची दीक्षा मिळाली ती याच सुमारास. कागदावर हे धोरण अत्यंत पुरोगामी होते. व्यवहारात मात्र ‘मंडळी’ आणि ‘मिशन’ ही दोन वेगळी माणसे राहिली. मंडळी म्हणजे सभासद, त्यांचे पाळक आणि त्यांची वर्गणी. मिशन म्हणजे परदेशी मिशनऱ्यांची सभा, जिच्या हाती शाळा, जमीन, इमारती आणि पगार होते. पाळक देशी झाला, तरी तो जिथे राहत असे तो बंगला, जिथे शिकवत असे ती शाळा आणि त्याचा पगार मंजूर करणारी सभा परदेशीच होती. आपल्याच घरात आपण चाकर आहोत, ही भावना याच रचनेतून जन्माला आली. पुढच्या साठ वर्षांत ती वाढतच गेली, कारण शिकलेल्या ख्रिस्ती तरुणांची संख्या वाढत गेली आणि सभेतली त्यांची जागा मात्र वाढली नाही.

खेड्यांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. नगर जिल्ह्यातल्या मंडळीत बहुसंख्य सभासद महार होते, नंतर मांगही आले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. महाराने ख्रिस्ती व्हावे म्हणजे काय करावे, याचे उत्तर बाप्तिस्म्याच्या विधीत नव्हते. वेसकराची पाळी, सरकारी सांगावा, मेलेले ढोर ओढणे, गावकीच्या सणात डफ वाजवणे, आणि या सगळ्याच्या मोबदल्यात मिळणारे बलुते व वतनाची चिमूटभर जमीन, हे सारे एकमेकांत गुंतलेले होते. मूर्तिपूजेशी जोडलेले काम सोडावे तर गाव बलुते बंद करी. ते धरून ठेवावे तर उपदेशक नाराज होई. गावाने पाणी आणि धान्य अडवले की मिशनरी कधी मामलेदाराकडे अर्ज करी, कधी सहनशीलतेचा उपदेश करी. शिवाय महार आणि मांग यांच्यातले जुने अंतर बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले गेले नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांनी एका चावडीत उपासनेला बसण्यावरून कुरबुरी होत राहिल्या. वरची जात खालच्या जातीला दूर लोटते, एवढेच जातीचे वर्णन पुरे पडत नाही, याचा धडा मंडळीला स्वतःच्या ओसरीवरच मिळाला.

याच प्रश्नाला जमिनीच्या भाषेत उत्तर देण्याचा एक प्रयत्न जालन्याला झाला, आणि तो करणारे होते तेच नारायण शेषाद्री, ज्यांच्या बाप्तिस्म्याने मुंबई हादरली होती. स्कॉटिश फ्री चर्चचे पाळक झाल्यावर त्यांनी १८६० च्या दशकात निजामाच्या मुलखात जालन्याच्या परिसरात काम सुरू केले. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग होते. नुसते धर्मांतर करून हे लोक गावकीतच राहिले, तर त्यांची गुलामी जशीच्या तशी राहील, हे शेषाद्रींच्या ध्यानात आले. निजामाचे दिवाण सालार जंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि बेथेल नावाची वसाहत उभी केली, जिथे मांग कुटुंबे गावाच्या कुसाबाहेर पडून स्वतःची घरे, स्वतःची शेती आणि स्वतःचे चर्च सांभाळू लागली. शेषाद्रींचा कारभार वडीलधाऱ्याचा होता, हे खरे. वसाहतीचे नियम त्यांचे, पैसा स्कॉटलंडचा. पण धर्मोपदेशकाने महार-मांगांच्या प्रश्नाचे मूळ वतनी व्यवस्थेत शोधावे आणि तिच्यातून बाहेर पडायला पायाखाली जमीन लागते हे ओळखावे, ही जाण त्या काळी फार थोड्या सुधारकांना होती. मुंबई-पुण्याच्या सुधारकांची चर्चा तेव्हा विधवाविवाह आणि परदेशगमनाभोवती फिरत होती.

बोलण्याच्या अधिकाराची बाजू पंडिता रमाबाईंनी लढवली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला आणि वर्षभरातच त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. प्रसंग साधा होता. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी कळवले की हे हिंदुस्थानात चुकीचे समजले जाईल आणि बाईंच्या भावी कामाला बाधा येईल. रमाबाईंचे उत्तर पत्रातून उरले आहे. आपल्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. आपण कलकत्त्यात, पुण्यात पुरुषांच्या सभांपुढे बोललो. वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, पतीने घेतली नाही, मग इंग्रज लोकांनी का घ्यावी, असा त्यांचा सवाल होता. त्रैक्याच्या सिद्धांतावरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वाद झाला, तेव्हाही मुद्दा तोच होता. आपल्याला विवेकबुद्धी आहे, एका धर्मसत्तेच्या ताब्यातून सुटून दुसरीच्या ताब्यात जाण्यासाठी आपण इथे आलो नाही. आता कोणी म्हणेल की रमाबाई पुढे कोणत्याच एका पंथाच्या राहिल्या नाहीत, मग त्यांची गणना चर्चच्या आतल्या सुधारकांत कशी करायची? पण केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी जे केले ते मंडळीचेच काम होते. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत आलेल्या, सर्व जातींच्या, दोन हजारांच्या घरातल्या मुली-बायका तिथे एकत्र राहिल्या. त्यांची शाळा, छापखाना, शेती, उपासना, बायबलचे मराठी भाषांतर, सगळे एका बाईच्या अखत्यारीत आणि बायकांच्या हातांनी चालले. पुरुष बिशपांच्या परवानगीवाचून मंडळी चालू शकते, याचा तो जिताजागता पुरावा होता.

टिळकांचे १९१७ समजून घ्यायचे तर या दोन्ही प्रयत्नांची पार्श्वभूमी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन कवी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्या मनाची तयारी करण्यात जस्टिन अ‍ॅबट या मिशनऱ्याचा वाटा होता. तरी बाप्तिस्मा परदेशी हातून नको, देशी पाळकाच्या हातून हवा, असा टिळकांचा हट्ट होता आणि तो रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून झाला. पहिल्याच पावलात मंडळी कोणाची याविषयीचे त्यांचे मत आहे. नगरला त्यांना रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखा मिशनरी भेटला. ह्यूम मुंबईतच जन्मलेले. १८८६ मध्ये अमेरिकेत रजेवर असताना अँडोव्हर येथे त्यांनी, ज्यांच्या कानी ख्रिस्त आलाच नाही अशांना मृत्यूनंतरही संधी असेल, असे मत मांडले आणि त्या पाखंडाबद्दल बोर्डाने त्यांना हिंदुस्थानात परतण्याची परवानगी काही काळ अडवून धरली होती. हिंदू मनुष्य नरकाचा धनी आहे असे मानायला जो तयार नाही, त्याच्या सहवासात टिळकांना तुकोबांच्या अभंगाची आणि ख्रिस्ताच्या भक्तीची सांगड घालायला मोकळीक मिळाली. कीर्तनाची परंपरा नगरच्या मंडळीत कृष्णराव सांगळे यांच्यापासून होतीच. टिळकांनी शेकडो भजने रचून उपासनेची बोलीच बदलली. १९०४ मध्ये ते पाळक झाले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक.

या बदलाची दुसरी बाजू त्यांच्या घरात दिसते, आणि तिची नोंद त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये निर्भीडपणे करून ठेवली आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या दूर राहिल्या. परत आल्या त्याही आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, मिशनच्या आवारात राहून मिशनच्या हवेचाही विटाळ नको असा बंदोबस्त. त्यांची जात गेली ती बाप्तिस्म्यामुळे नव्हे. तिच्याविषयी विचार करताना, ही माणसाने केलेली गोष्ट आहे, देवाने नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि बंदोबस्त गळून पडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाचा आहे. ख्रिस्ती होणे म्हणजे जात सोडणे, हे समीकरण मिशनच्या अहवालांत गृहीत असे. लक्ष्मीबाईंचा अनुभव सांगतो की या दोन वेगळ्या क्रिया आहेत, दुसरी आधी घडू शकते, आणि म्हणून पहिली घडूनही दुसरी राहून जाऊ शकते. मंडळीतल्या कित्येक घरांत नेमके तेच राहून गेले होते. सोयरिकी ठरवताना आजोबांचे मूळ आडनाव विचारले जाई.

१९१७ मध्ये साताऱ्याला टिळकांनी जो ‘देवाचा दरबार’ मांडला त्याची रचना पाहिली की पगार सोडण्याचा अर्थ उलगडतो. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. पगारी कोणी नव्हता. पदव्या आणि मानमरातब नव्हते. मिशनचा नोकर म्हणून ख्रिस्ती माणसाकडे पाहण्याची हिंदू शेजाऱ्याची सवय मोडायची असेल, तर ख्रिस्ती माणसाने आधी नोकर असणे थांबवले पाहिजे, असे हे गणित होते. ही बंडखोरी चर्चबाहेर जाऊन केलेली नव्हती, म्हणून ती मिशनला अधिक अडचणीची झाली. बाहेर जाणाऱ्याला धर्मत्यागी म्हणता येते. जो रविवारी तुमच्याच वेदीसमोर तुमचीच भजने म्हणतो, ज्याची भजने तुमच्या उपासनापुस्तकात आहेत, त्याला काय म्हणणार? दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. पण १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने ख्रिस्त सेवा संघ काढला, ज्यात इंग्रज आणि हिंदी सभासद एका छपराखाली, एका साध्या राहणीने राहत होते. त्याच विन्स्लोने टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, हा योगायोग नव्हे.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. खिस्ती, मोडक, शेषाद्री, रमाबाई, टिळक, हे सारे ब्राह्मण. मंडळीतला बहुसंख्य माणूस महार-मांग. मग हा लढा कोणाचा? पगार सोडणे टिळकांना शक्य होते, कारण त्यांच्याकडे विद्या, नाव आणि वाचकवर्ग होता. महारवाड्यातून आलेल्या ख्रिस्ती मास्तरासाठी मिशनचा पगार ही बलुत्याच्या तुकड्यापासून झालेली पहिली सुटका होती. रोख पैसा, ठरलेल्या तारखेला, कोणाच्या दारात जोहार न घालता. तो सोडणे म्हणजे पुन्हा वेसकरकीला जाणे. भारतीयीकरणाचेही तसेच. संस्कृतप्रचुर भजन, धोतर, देशी नाव यांत टिळकांना स्वातंत्र्य दिसले. कचऱ्या, धोंड्या अशी नावे ज्यांच्या बापांना गावाने दिली होती, त्यांना सॅम्युएल किंवा डेव्हिड या नावात स्वातंत्र्य दिसले, कारण त्या नावावरून गाव जात ओळखू शकत नव्हते. एकाला जी परकी गुलामी वाटली ती दुसऱ्याला जुन्या गुलामीतून बाहेर काढणारी वाट होती. हा आक्षेप खोडता येत नाही, आणि खोडण्याची गरजही नाही. त्याने या लेखाचे मूळ म्हणणे बळकटच होते. प्रश्न भाकर, निर्णय आणि वाणी यांचाच आहे. टिळकांनी पहिल्या दोहोंवर बोट ठेवले. तिसरी, म्हणजे बहुसंख्यांची वाणी, त्यांच्याकडून येऊ शकत नव्हती.

ती यायला वेळ लागला. १९३८ च्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. त्यांच्या टीकेचा रोख असा की मिशनांनी शाळा-दवाखान्यांवर अमाप खर्च केला, पण त्यांचा लाभ बहुतांशी वरच्या जातींच्या मुलांनी उचलला, आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी उभा राहिला नाही. मंडळीला हे झोंबले असणार, पण उत्तर देता आले नाही. चार दशकांनी उत्तर आले ते मंडळीच्याच पोटातून. महाराष्ट्रातून आलेले ईश्वरशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरला शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली आणि पुढे चेन्नईच्या गुरुकुल लुथरन महाविद्यालयात दलित ईश्वरशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. भारतीय ख्रिस्ती चिंतन आजवर वेदान्ताशी बोलत आले, म्हणजे मूठभर ब्राह्मण धर्मांतरितांच्या पूर्वजांशी बोलत आले. मंडळीतल्या बहुसंख्यांचे पूर्वज मात्र मारुतीच्या देवळाबाहेर उभे होते, असा या विचाराचा गाभा. अनुवादाच्या पुस्तकात, २६ व्या अध्यायात, इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण देवापुढे सांगतो. निर्मळांनी तोच साचा घेऊन दलित पूर्वजाची आठवण विश्वासाच्या कबुलीत आणली. वर्षानुवर्षे ख्रिस्ती घरांत जी जात लपवायची गोष्ट होती, ती उपासनेत सांगायची गोष्ट झाली.

लपवण्याची किंमत किती होती हे न्यायालयात दिसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या एका ख्रिस्ती चांभाराला, सरकारने हिंदू चांभारांना दिलेली मोफत टपरी नाकारली गेली. हे सूसाई प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतरही जातीमुळे होणारे हाल ख्रिस्ती समाजात तितक्याच तीव्रतेने टिकून आहेत, हे दाखवणारी सामग्री पुढे आली पाहिजे. इथे मंडळीची गोची होते. ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ हे वाक्य वेदीवरून गर्वाने उच्चारायचे, आणि न्यायालयात मात्र ती आहे असे शपथेवर सांगायचे. यावर धर्मशास्त्री म्हणतात की सिद्धांतात जात नाही, व्यवहारात आहे, यात विसंगती कसली? विसंगती नाही, पण जबाबदारी आहे. व्यवहारातली जात मोजायची तर आपले दफनभूमीचे नकाशे, पाळकांच्या नेमणुका, शाळांच्या विश्वस्त मंडळांच्या याद्या आणि सोयरिकींचे हिशेब मंडळीनेच उघडे केले पाहिजेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली, २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. दलित ख्रिश्चनांना न्याय मिळण्याची वाट आता मंडळीच्या प्रामाणिक आत्मपरीक्षणातून जाते.

शेवटचा आक्षेप आतून झगडण्याच्या मार्गावरच आहे. एवढे सगळे करण्यापेक्षा बाहेर का पडू नये? बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नवा धर्म स्वीकारला आणि लाखोंना नवी ओळख दिली. मंडळीत राहिलेल्यांनी काय मिळवले? तुलना रास्त आहे, पण बाहेर पडणे प्रत्येकाच्या श्रद्धेत बसत नाही, आणि संस्था तशाच मागे राहतात. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारत मंडळी स्थापन झाली आणि मराठी मुलखातल्या मिशनांच्या शाळा, दवाखाने, जमिनी टप्प्याटप्प्याने देशी माणसांच्या हाती आल्या. टिळकांच्या प्रश्नाचा अर्धा भाग तेव्हा सुटला: मालक परदेशी राहिला नाही. पण देशी मालकही मालकच असतो. चर्चच्या मालमत्तांवरून चालणारे खटले आणि निवडणुकांतले जातवार गट हे त्याचे रोजचे पुरावे आहेत. शेषाद्रींनी जमिनीचा, रमाबाईंनी बोलण्याच्या हक्काचा, टिळकांनी पगाराचा आणि निर्मळांनी स्मृतीचा प्रश्न मांडला. यांपैकी एकाचेही उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात आपोआप आले नाही, प्रत्येकासाठी आतल्याच कोणाला तरी नव्याने वैर पत्करावे लागले. परंपरा म्हणून मराठी मंडळीने जपावी अशी गोष्ट तीच आहे. भजनांची पुस्तके दर पिढीला पुन्हा छापता येतात. मालमत्तेचा हिशेब मागणारा सभासद आणि जातीचा उल्लेख दडवू न देणारा पाळक मात्र दर पिढीला मंडळीने स्वतःच घडवावा लागतो, आणि तो घडला की त्याला पदावरून न काढता त्याचे ऐकून घ्यावे लागते.